बरणीतलं पाणी

"हे कुठं द्यायचं, मॅडम?"

शनिवारची संध्याकाळ, साडेपाच वाजून गेले होते. मी लॅबचं शटर अर्ध्यावर ओढलं होतं आणि त्या अर्ध्या शटरखालून वाकून एक माणूस आत शिरला होता. पन्नाशीचा, किडकिडीत, घामानं डबडबलेला. शर्टाच्या खिशातून शिंप्याच्या मोजपट्टीचं टोक बाहेर आलं होतं. पोटाशी टॉवेलात गुंडाळलेली प्लॅस्टिकची मोठी बरणी. फरसाणवाल्याच्या दुकानात असते तसली.

"काय आहे त्यात?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती. आमच्याकडे बरणी घेऊन येणारा माणूस दुसरं काय आणणार?

"आमच्या मंडळीचं हाय." तो खाली बघून म्हणाला. "छातीचं. जतच्या डाक्टरनं सकाळी काढलं."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागात तालुक्याच्या गावी ऑपरेशन झालं की काढलेला भाग सर्जन बरणीत घालतात आणि नातेवाइकांच्याच हातात देतात. मग नवरा, भाऊ, मुलगा, जो कोणी असेल तो, ती बरणी घेऊन एसटीनं मिरजेला येतो. आम्ही त्या मांसाचे कागदापेक्षा पातळ काप करायचे, काचेवर लावायचे, रंगवायचे आणि डॉक्टर उपाध्ये ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगणार, कॅन्सर आहे की नाही आणि असला तर कुठल्या जातीचा. मी त्या लॅबची टेक्निशियन. बावीस वर्षं मी दुसरं काही केलं नाही.

मी फॉर्म वाचला. गौराबाई सिद्राम बिराजदार, वय शेहेचाळीस. फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ, साडेअकरा. खाली सिस्टरची सही. सगळं रीतसर होतं. झाकण उघडताना मी सवयीनं मान वळवली आणि डोळे बारीक केले, कारण फॉर्मॅलिनचा भपकारा आला की डोळ्यांतून धारा लागतात. मान वळवली ती तशीच राहिली. काही आलंच नाही.

मी वाकून बघितलं. बरणीत नुसतं पाणी होतं.

"यातलं औषधाचं पाणी कुठं गेलं?"

त्याचा चेहरा पडला. "ते... ते वतलं, मॅडम."

"ओतलं?"

"झाकान घट्ट नव्हतं ओ. गाडीत वास सुटला. लोकांच्या डोळ्यांतनं पानी याया लागलं, एक बारकं पोरगं रडाय लागलं. कंडक्टर म्हनला, ते भाईर टाक न्हाईतर तू उतर. काय करू? कवठ्याच्या स्टँडवर गटारीत वतलं. बरणी तीन डाव खळबाळली, साफ केली. मग च्याच्या गाड्यावाल्याकडनं माठातलं गार पानी मागून घेतलं." तो जरा थांबला. "सुकू नये म्हनून. आन पुढं गाडी बंद पडली. दोन तास रस्त्यातच."

मे महिना होता. बाहेर डांबर वितळत होतं. माणूस गार पाणी घालून आणतो म्हणजे त्यानं आपल्या परीनं किती जपलं असेल! पण फॉर्मॅलिनचं काम वेगळं असतं. मांस शरीरातून सुटलं त्या क्षणाला जसं होतं तसं ते धरून ठेवतं. पाण्यात ते आतून विरघळायला लागतं, आणि गार पाणी बसमध्ये किती वेळ गार राहणार?

"सर्जननी काही सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं हुतं की. म्हनले, ह्यातलं पानी सांडलंस तर बग." त्यानं एकदम माझ्यापुढे हात जोडले. "मॅडम, तिला परत कापाय लागंल का?"

मला हसू आलं. हसायला नको होतं. "नाही हो. परत कुठलं कापतायत. जे काढलं ते काढलं."

"मग त्यास्नी सांगू नगा. तुमच्या डाक्टरला बी नगा सांगू. लई रागीट हाईत म्हनत्यात."

रागीट तर ते होतेच. महिन्यापूर्वीच विट्याहून एक जण असाच खराब झालेला तुकडा घेऊन आला होता. त्याच्यावर डॉक्टर असे कडाडले होते की तो बापया माणूस काउंटरला धरून रडला होता. मीच त्याला नंतर चहा पाजला होता. डॉक्टर बोलायचे आणि मी पुसायची, अशी आमची वाटणीच होती. लोक म्हणायचे, वाघमोडे बाई मायाळू आहेत. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

"नाही सांगत," मी म्हणाले. "जा तुम्ही. बायकोजवळ बसा."

त्यानं खाली वाकून उंबऱ्याला हात लावला आणि गेला.

मी पाणी ओतून दिलं, ताजं फॉर्मॅलिन भरलं, झाकण आवळलं आणि बरणी मांडणीवर ठेवली. बस्स. हे एवढंच केलं.

खरं तर असा मोठा भाग आला की तो लगेच सुरीनं पावासारखा चिरून ठेवायचा असतो, म्हणजे फॉर्मॅलिन आतपर्यंत जातं. अख्खा ठेवला तर ते वरवरच मुरतं. पण चिरायचं काम डॉक्टरांचं, आणि डॉक्टर त्या दिवशी दुपारी दोनलाच सांगलीला गेले होते. त्यांच्या बोटांना आमवात होता. दोन वर्षांपूर्वी तर त्यांना स्लाइडसुद्धा धरता येत नव्हती, मीच एकेक काच लावून द्यायची. मग एक नवीन इंजेक्शन निघालं आणि महिन्याच्या एका शनिवारी ते घ्यायला लागल्यावर बोटं पुन्हा सरळ झाली. सातपर्यंत ते घरी परत यायचे. मी एक फोन केला असता तर स्कूटरवर टाच मारून आले असते. शिव्या घालत आले असते, पण आले असते.

फोन केला असता तर कारण सांगावं लागलं असतं. मी शटर ओढलं आणि घरी गेले.

आता त्या तपासणीत काय पणाला लागलं होतं तेही सांगायला हवं. डॉक्टर उपाध्ये ते फार सोपं करून सांगायचे. म्हणायचे, "वाघमोडे, पेशीला कान असतात. त्यांना आपण रिसेप्टर म्हणतो. बाईच्या शरीरातलं हार्मोन हाक मारतं, कॅन्सरच्या पेशीला ती ऐकू येते आणि ती वाढते. मग आपण काय करायचं? त्या कानात बोळा घालायचा. रोज एक गोळी, पाच वर्षं. हाकच ऐकू आली नाही तर वाढणार कशी?" मग स्वतःची बोटं उघडमीट करून दाखवायचे. "माझ्या इंजेक्शनचंही तेच. सांध्यांत जाळ करणाऱ्या पेशींचे कान वेगळे, त्यांचा बोळा वेगळा."

पण कान असतील तरच बोळ्याचा उपयोग. कान नसतील तर त्या बाईला गोळी द्यायची नाही. केमो द्यायची आणि देवावर सोडायचं. गौराबाईला कान आहेत की नाहीत, हे मी शटरच्या आत ठेवून आलेला तो तुकडा सांगणार होता.

सोमवारी सकाळी डॉक्टरांनी तो टेबलावर घेतला. सुरी चालवली आणि थांबले.

"मधला भाग गिळगिळीत लागतोय. फॉर्मॅलिन आत गेलेलंच नाही. कितीला टाकलं होतं हे?"

"साडेअकराला, सर. फॉर्मवर आहे."

"आलं कितीला?"

"साडेपाचला. तुम्ही गेला होतात."

"फॉर्मॅलिनमध्येच आलं ना?"

त्यांच्या हातात सुरी होती, नजर तुकड्यावर होती. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, इतका त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

"हो सर," मी म्हणाले.

त्या दोन शब्दांना फार तर एक सेकंद लागला असेल. मी बोलतानाच स्वतःची समजूत घातली, की साडेअकराला टाकलं होतं हे खरंच आहे. कवठ्यापर्यंत होतंच की फॉर्मॅलिन. शिवाय कॅन्सर आहे हे तर दिसणारच होतं. मग त्या गरीब माणसाला कशाला फरफटवायचं?

गुरुवारी स्लाइड रंगून झाल्या. रिसेप्टर असले की पेशी तपकिरी दिसतात, नसले की निळ्या. गौराबाईच्या तिन्ही काचा निळ्याशार होत्या. डॉक्टर बराच वेळ डोळा लावून बसले. मग मला म्हणाले, "पुन्हा कर."

मी पुन्हा केलं. पुन्हा निळं.

"आपली रोजची चाचणीची काच?"

"ती छान रंगलीय, सर. रसायनांत काही खोट नाही."

"इथे कोपऱ्यात चांगल्या, निरोगी दुधाच्या नळ्या आहेत दोन. त्यांचे कान तर शाबूत असायला हवेत. त्यासुद्धा निळ्या." त्यांनी डोळे चोळले. "दोनच आहेत म्हणा. वाघमोडे, तुकडा वाटेत खराब झाला असेल का?"

हा दुसरा प्रश्न. तेव्हाही वेळ गेली नव्हती. मी पाण्याचं बोलले असते तर डॉक्टरांनी रिपोर्टवर 'निगेटिव्ह'च्या जागी 'अनिश्चित' लिहिलं असतं. संशयाचा फायदा म्हणून कुठल्याही डॉक्टरनं तिला गोळी चालू केली असती. एवढाच फरक होता, एका शब्दाचा. आणि हा फरक मला कळत होता. बावीस वर्षं काय मी झोपा काढत होते?

पण सोमवारी 'हो' म्हटलं होतं. आता 'नाही' म्हणायचं तर सोमवारचंही बोलावं लागणार होतं. डॉक्टरांचा तो कडाडणारा आवाज या वेळी माझ्यावर येणार होता.

"आला तेव्हा चांगला होता, सर."

त्यांनी सही केली. निगेटिव्ह.

त्यानंतर एकोणीस महिने त्या बाईचं नावही मी ऐकलं नाही. मग एका दुपारी सांगलीहून सुईनं काढलेला यकृताचा तुकडा आला. दोऱ्याएवढा. बिराजदार, गौराबाई सिद्राम. नाव मी दोनदा वाचलं. हा तुकडा सरळ आला होता, बाटलीत, फॉर्मॅलिनमध्ये, अर्ध्या तासात. मी तो रंगवला आणि डॉक्टरांच्या टेबलावर काच ठेवताना उजेडापुढे धरून बघितली. सूक्ष्मदर्शकाची गरजच नव्हती. पिकल्या चिकूसारखा रंग चढला होता.

डॉक्टरांनी जुन्या काचा काढायला सांगितल्या. एक डोळ्याखाली, एक बाजूला, असं अर्धा तास चाललं होतं.

"सर," मी म्हणाले, "रिसेप्टर नंतर बदलतातही ना?"

"बदलतात. क्वचित." त्यांनी मान वर केली नाही. "पण या निरोगी नळ्या, वाघमोडे? त्या तेव्हा निळ्या का होत्या? त्यासुद्धा बदलल्या का?"

मी टेबलावरची दुसरी काच पुसायला घेतली.

"मला दिसत होतं आणि मी सही केली. शनिवारी इथे असतो तर त्याच दिवशी चिरून ठेवला असता. मी गेलो होतो सांगलीला, माझी बोटं सरळ करायला." ते उठले. "त्यांना बोलावून घे. मी स्वतः सांगणार."

"सर, कशाला? आता गोळी सुरू होईलच की."

"यकृतात गेल्यावर?" ते म्हणाले. "त्या बाईचं दीड वर्ष मी खाल्लं. ते तिला सांगायला नको?"

दोघं नवरा-बायको तीन दिवसांनी आले. सिद्राम तसाच होता, किडकिडीत, खिशात मोजपट्टी. गौराबाईला मी पहिल्यांदाच बघत होते. केमोनं गेलेले केस परत आले होते, बारीक आणि कुरळे. डोळे पिवळे पडले होते. निळ्या सुती साडीवर ब्लाउज इतका नीट बसला होता की एक बाजू रिकामी आहे हे सांगूनही कळलं नसतं.

माझी नजर गेलेली तिनं बघितली. "ह्येंनी शिवलाय," ती म्हणाली. "आतनं कापूस भरून. सात शिवल्यात, सातीच्या सात असलेच."

सिद्राम ओशाळून हसला. माझ्याकडे त्यानं ओळखीचं बघितलं, उपकार केलेल्या माणसाकडे बघतात तसं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

डॉक्टर बोलायला लागले तेवढ्यात गौराबाईला खोकल्याची उबळ आली. गोळ्यांची पिशवी रिक्षातच राहिली होती, ती आणायला सिद्राम बाहेर पळाला. रिक्षा स्टेशनच्या कोपऱ्यावर उभी होती. डॉक्टर त्याची वाट बघत थांबले असते तर? थांबले नाहीत. मनातलं एकदा बोलायला काढलं की त्या माणसाला धीर नसायचा.

त्यांनी तिला सगळं सांगितलं. कान, हाक, बोळा, गोळी. शाळेतल्या पोराला सांगावं तसं आणि एकही गोष्ट न लपवता. "तुम्हाला कान होते, बाई. आम्ही सांगितलं नाहीत म्हणून. गोळी मिळाली असती तर बहुधा हे आज झालं नसतं. चूक माझी आहे."

मग तिनं विचारलं, "मग तवा दिसलं कसं न्हाईत?"

"तुकडा नीट मुरला नाही की ते नाहीसे होतात. फॉर्मॅलिन आतपर्यंत गेलं नाही."

"फारमॅलिन म्हंजी? ते डोळ्याला झोंबतं, ते पानी?"

"तेच."

तिनं पापणी हलवली नाही. तिची नजर डॉक्टरांवरून सरकत माझ्यावर आली आणि तिथेच राहिली. मला तेव्हाच कळलं की हिला बसमधलं सगळं ठाऊक आहे. घरी जाऊन त्यानं तिला सांगितलंच असणार, कंडक्टर कसा अंगावर आला आणि आपण माठातलं गार पाणी कसं मागून घातलं ते. दीड वर्ष ती ते पाणी आपल्या नवऱ्याची माया म्हणून मनात धरून होती. आता ते काय होतं ते तिला कळलं होतं.

मी तोंड उघडावं म्हणून ती बघत होती की उघडू नये म्हणून, ते मला समजलं नाही. मी उघडलं नाही.

सिद्राम धापा टाकत पिशवी घेऊन आला. "काय म्हनले डाक्टर?"

"काय न्हाई," गौराबाई म्हणाली. "त्यांच्याकडनं जरा चूक झाली म्हनत्यात. नवी गोळी देत्यात. असू दे डाक्टर. मानसाच्या हातनं हुतंय." आणि हात जोडून उभी राहिली. डॉक्टर उपाध्येंच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा रडताना बघितलं.

"बाई, मला जरा आत मोरीकडं न्या," ती मला म्हणाली.

आत गेल्यावर तिनं नळ सोडला आणि माझं मनगट धरलं. बोटं तापलेली होती.

"तुमाला ठावं हुतं."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

"तवा का बोलला न्हाईसा?"

"ते हात जोडत होते," मी म्हणाले. "मी त्यांना शब्द दिला होता." हे तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मलाच ते किती भिकार वाटलं.

शिव्या देईल, थोबाडीत मारेल असं मला वाटलं. मारली असती तर मी आयुष्यभर तिची ऋणी राहिले असते. तिनं मनगट सोडलं नाही.

"मग आता मला बी द्या शबुद. ह्यास्नी कदी कळू देऊ नगा. पान्यामुळं झालं म्हनून कळलं तर ह्यो मानूस जगायचा न्हाई. मी तर चाललेच हाय. ह्येंनी तरी ऱ्हावं."

"पण डॉक्टर..."

"डाक्टर शिकल्याली मानसं. त्यास्नी पचंल."

मी शब्द दिला.

तिला पचेल वाटलं ते डॉक्टरांना पचलं नाही. पुढच्या महिन्यात इंजेक्शनचा शनिवार आला आणि ते टेबलावरून उठले नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. मी आठवण केली तर म्हणाले, "शनिवारी लॅब सोडून जाणार नाही."

"रविवारी घ्या. इथे मिरजेत घ्या. मी नर्सला बोलावते."

"नको."

"सर, बोटं जातील."

"जाऊ देत. तिच्या कानांचं ओळखता आलं नाही आणि स्वतःच्या पेशींचे कान मात्र महिन्याच्या महिन्याला बुजवून घेतोय. लाज वाटते मला."

चार महिन्यांत त्यांना शर्टाचं बटण लावता येईना. सहा महिन्यांत मी पुन्हा एकेक काच लावून द्यायला लागले. रोज सकाळी ती सुजलेली, आत वळलेली बोटं बघायची आणि मनाशी म्हणायचं, आज सांगते. सांगितलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी इंजेक्शन घ्यायला गेले असते. मला हाकललं असतं आणि गेले असते. पण मग त्यांनी सिद्रामला बोलावून खरं सांगितलं असतं. ते तसेच होते, खरं पोटात ठेवणं त्यांना जमायचं नाही. दोन शब्द दिले होते मी, दोन्ही दया म्हणून, आणि ते एकमेकांना घट्ट धरून बसले होते. शिवाय मला स्वतःचीही भीती होती. तीही काही कमी नव्हती.

गौराबाई दहा महिन्यांनी गेली.

महिन्याभरानं सिद्राम आला. सकाळची वेळ होती, डॉक्टर अजून यायचे होते. काउंटरसमोर उभा राहिला, बसला नाही. खिशात मोजपट्टी नव्हती.

"गावातली लोकं म्हनत्यात केस कर," तो म्हणाला. "वकील बी म्हनला, डाक्टरनं तोंडानं कबूल केलंय, मग काय राह्यलं? पर मला आदी तुमाला इचारायचं हुतं. तुमी खोटं बोलनार न्हाई."

"काय विचारायचंय?"

"ती शेवटाला तापात बडबडायची. म्हनायची, त्या पान्याचं काय न्हाई, काय न्हाई. सारखं तेच. मी कदी तिला पान्याचं इचारलंच नव्हतं, मग ती मला का सांगत हुती?" तो काउंटरवर वाकला. "मॅडम, खरं सांगा. माझ्या पान्यानं झालं का?"

आजही मी कधी कधी त्या काउंटरमागे उभी असते. या गोष्टीला बारा वर्षं होऊन गेली, लॅब राहिली नाही, डॉक्टर राहिले नाहीत, सिद्राम कुठे आहे ते मला माहीत नाही. पण तो प्रश्न मला अजून ऐकू येतो, आणि दर वेळी मी वेगळं उत्तर द्यायचा प्रयत्न करते. त्या सकाळी त्याच्या गळ्याची शीर उडत होती. एका 'हो'नं तो जागेवर संपला असता. मेलेल्या बाईची ती तापलेली बोटं मला मनगटावर लागत होती.

"नाही," मी म्हणाले. "पाण्याचा काही संबंध नाही."

"मग?"

"चूक डॉक्टरांची."

त्यानं भिंतीला पाठ टेकली आणि तसाच खाली बसला. तोंडावर हात घेऊन रडला, पण ते रडणं सुटकेचं होतं. एवढं मोठं ओझं उतरल्यावर दुसरं काय करणार? जाताना म्हणाला, "आता झोप लागंल, मॅडम." आणि मग शांतपणे, कसलाही राग नसल्यासारखा, "तिच्यासाटनं केस मात्र करनार. कुनीतरी जबाब द्याय पायजे न्हवं?"

त्याच आठवड्यात त्यानं तक्रार दाखल केली. नोटीस आली. डॉक्टरांच्या मित्रांनी वकील सुचवले, एका वकिलानं तर घरी येऊन सांगितलं की फॉर्मवर वेळ स्पष्ट आहे, तुकडा सहा तास वाटेत होता, तुमच्यावर काही येणार नाही. डॉक्टरांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. टेबलावर कोरा कागद होता, बाजूला पेन. त्यांनी पेन उचलायचा प्रयत्न केला होता हे दिसत होतं, ते दोनदा खाली पडलं होतं.

"माझ्याकडून होत नाही," ते म्हणाले. "मी सांगतो, तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

मी समोर बसले. त्यांनी फार मोठं काही सांगितलं नाही. तक्रारदाराचं म्हणणं खरं आहे. तुकडा माझ्या लॅबमध्ये आला तेव्हा सुस्थितीत होता. त्यानंतरची चूक सर्वस्वी माझी आहे, माझ्या कर्मचाऱ्यांची नाही.

मी एकेक शब्द सुवाच्य लिहिला. मग पेन त्यांच्या मुठीत बसवलं आणि त्यांची सही होईपर्यंत कागद हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवला.